लाल धुराड्याचा कौल

॥ श्री ॥
दिंद्रुड, कार्तिक वद्य ५, शके १८४५

ती. सौ. मंजुळाअक्का हिच्या पायांवर धाकटी बहीण तुळजा हिचं मस्तक. वि. वि. देवीच्या कृपेनं इकडं माणसं-जनावरं खुशाल हायेत, तिकडची खुशाली वरचेवर कळवीत जावी.

पत्र एका बातमीसाठी लिहिते, पण आधी तू नीट बसून घे. संक्रांत झाली की आमी दोघं द्वारकेला निघालो! बैलगाडीनं मानवत रोडचं स्टेशन, तिथून रेल्वेनं मुंबई, अन् मुंबईहून आगबोटीत बसून समुद्रातनं द्वारका. सिंदफणेच्या पुरात भोपळ्याच्या सांगडीवर बसायची पाळी आली तवा मी डोळे गच्च मिटून घेतलते, अन् आता दोन-तीन दिवस पाण्यावर राहायचं हाय. पण ह्यांनी एकदा मनात घेतलं म्हणजे झालं.

ह्यांचे दोस्त बंकटशेठ कापसाच्या कामानं मुंबईला गेलते. त्यांनी दोन आगबोट कंपन्यांचे इश्तेहार आणून दिले. एकीच्या बोटीचं धुराडं लाल, दुसरीचं काळं. आमच्या घरात आता कंपनीचं नाव कुणी घेत न्हाई, लाल अन् काळी एवढंच म्हणतात. लालमध्ये नवरा-बायकोला निराळी खोली देतात. खोलीला दार, दाराला आतनं कडी, भिंतीला निजायच्या तीन फळ्या, अन् बाहेर बघायला ताटाएवढी गोल काच. काळीमध्ये खोल्या न्हाईत. वर उघडी फळ्यांची जमीन, पुढं गडीमाणसं, मागं बायका, मधे तरटाचा आडपडदा. मात्र ती काठाकाठानं जाते अन् बंदरोबंदरी थांबते, म्हणून भित्र्या माणसाला बरी म्हणतात. ह्यांचं मन लालवर बसलंय. रोज जेवण झालं की इश्तेहार काढून मला वाचायला लावतात, जसं काही पहिल्यांदाच ऐकतात.

माझ्यासाठी नारायणपेठी लुगडं आणलंय, वांगी रंगाचं. समुद्रावर हेच नेसायचं असा हुकूम हाय. दाजींना माझा नमस्कार सांग अन् विचार, आमच्या अक्काला तुमी कधी नेता म्हणून.

तुझी माया आटू नये एवढंच मागणं.

तुझी
तुळजा

॥ श्री ॥
नांदूरघाट, कार्तिक वद्य १२

चि. सौ. तुळजेस अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र पावलं. मी बसून न्हाई, उभ्यानंच वाचलं, अन् वाचून पडले बिडले न्हाई.

तुझी मजा हाय बाई! दार काय, कडी काय, ताटाएवढी काच काय! इथं आमची काच म्हणजे कुंकवाच्या करंड्यातली, तीही तडकलेली. दाजी कधी नेतात म्हणून विचारलंस, तर विचारून बघितलं. आमचे हे केजच्या बाजाराला बैलगाडीत बसले तरी वाटंत दोनदा उतरून ओकतात. समुद्राचं नाव काढलं तर ताटावरनं उठले. त्यांची शेती, त्यांच्या म्हशी अन् त्यांचा तो ओटा, यांच्या पलीकडं त्यांची दुनिया न्हाई.

अन् माझी तरी कुठं हाय? तुझी वरात निघाली तवा तू गाडीत बसून वेस ओलांडलीस, तीन मुक्काम करून सासरी पोचलीस. माझी वरात एक बोळ ओलांडून आत्याच्या दारात थांबली. वाजंत्री वाजवणाऱ्याला फुंक घ्यायलाही उसंत मिळाली न्हाई. आबांनी आपल्या बहिणीला शब्द दिलता, थोरली तुझ्या धर्मराजाला देईन म्हणून. न्हाईतर दिंद्रुडचे पाव्हणे आलते ते मला बघायला आलते, तुला न्हाई, हे तुला आठवत असंलच. पोहे मी केलते. तू म्हशीमागं गेलती. शब्द मोडायचा न्हाई म्हणून आबांनी थोरलीच्या जागी धाकटी पुढं केली. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ते उगीच न्हाई. रागावू नको, थट्टा करते.

आता थोरलीच्या नात्यानं दोन शब्द. समुद्र म्हणजे सिंदफणा न्हाई. तिथं पाणी असून पिता येत न्हाई, अन् वारं फिरलं की कडी लावलेल्या खोलीतनं बाहेर यायला वाट सापडत न्हाई असं इथं सगळे म्हणतात. शिवाय लांबच्या वाटेवर बाईमाणसाला बाईमाणसाची सोबत लागते. दुखलं-खुपलं तर पाव्हणे काय करणार? सोबतीचं माणूस घरचं असावं, हाताला उरक असलेलं असावं. खोलीत तीन फळ्या हायेत म्हणतेस. तुमी माणसं दोन. तिसरी फळी कुणासाठी हाय, हे इश्तेहारात लिहिलंय का?

वांगी रंगावर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे डाग पडतात म्हणे, जपून नेस. तुझ्या सासूबाईंना, बायनाबाईंना, नमस्कार.

लोभ हाय तेवढा तरी राहू दे.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
दिंद्रुड, मार्गशीर्ष शुद्ध ६

ती. अक्काच्या चरणी तुळजाचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं. पोहे कुणी केलते ते मला चांगलं आठवतं. त्यात मीठ जास्त झालतं असं हे अजून सांगतात.

इकडं घरात तकरार पेटलीय. सासूबाई म्हणतात, देवाला निघालात का गुलगुल बोलायला निघालात? यात्रेला जायचं अन् नवरा-बायकोनं कडी लावून बसायचं, असली यात्रा सात पिढ्यांत कुणी केली न्हाई. काळ्या बोटीत चार माणसांत बसून नामस्मरण करीत जावं, असा त्यांचा हट्ट. ह्यांचा हट्ट लालचा. दोघंही एकमेकांशी बोलत न्हाईत, दोघांचे निरोप मीच पोचवते. चुलीपुढं एक ऐकायचं अन् दारालगतच्या ढेलजेत दुसरं.

परवा ह्यांनीच तोड काढली. म्हणले, तुझ्या माहेरच्या देवीला कौल लावायला सांग. अन् मंजुळाबाईंनीच लावावा, त्यांचं डोकं चालतं, त्या नीट विचारतील. सासूबाईंनीही मान डोलावली, देवीपुढं त्यांचंही काही चालत न्हाई. म्हणून तुझ्यावर हा जिम्मा टाकते. तुला रीत सांगायची गरज न्हाई, पण सासूबाईंनी बजावलंय म्हणून लिहिते. उपाशी राहून, ओलेत्यानं जायचं. आश्रुबा गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली की तो बाहेर जाईल, कारण माहेरवाशीण विचारते तवा दुसऱ्या कानानं ऐकायचं न्हाई. लालचं विचार, मग काळीचं विचार. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. देवी म्हणंल त्या बोटीत आमी बसू, शब्द झालाय.

तिसऱ्या फळीचं विचारलंस. त्यावर सामान ठेवायचं असतं.

देवीपुढं माझ्या नावानं चार तांदूळ जास्त वाहा, अन् माझ्यावरची सावली काढून घेऊ नको.

तुझी
तुळजा

॥ श्री ॥
नांदूरघाट, मार्गशीर्ष शुद्ध १३

चि. सौ. तुळजेस आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी उपाशी राहून, ओलेत्यानं, रीतीप्रमाणं कौल लावला. लाल धुराड्याला देवीनं डावं दिलं. काळ्या धुराड्याला उजवं दिलं. आश्रुबा बाहेर होता, तवा त्याला विचारून उपयोग न्हाई. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

देवीपुढं आपलं मन चालत न्हाई. पाव्हण्यांना वाईट वाटंल, पण वाईट वाटून घेऊ नये असं सांगावं. बायनाबाईंचंच खरं झालं. थोरल्यांचं ऐकावं ते यासाठीच. इथं थंडी लई हाय, हात आखडला, म्हणून जास्त लिहीत न्हाई.

कळावे, आशीर्वाद हायेतच.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
दिंद्रुड, मार्गशीर्ष वद्य ११

ती. अक्काच्या पायांशी तुळजाचं डोकं. वि. वि. कौल पावला. बंकटशेठच्या गुमास्त्यानं काळ्या बोटीची तिकिटं ठेवून घेतली. पौष वद्य चतुर्थीच्या शुक्रवारी बोट सुटणार. मुंबईत ह्यांचे चुलतभाऊ सुग्रीव गिरणीत नोकरीला हायेत, त्यांच्या खोलीवर आठ-दहा दिवस मुक्काम. पत्ता मागल्या बाजूला लिहिलाय.

सासूबाई खूष हायेत. ह्यांनी इश्तेहाराची घडी केली अन् पागोट्यात खोवली.

अक्का, एक गोष्ट मी तुझ्यापासनं लपवलीय. आज सांगते, कारण आता माझा धीर सुटलाय. ह्यांचे डोळे चालले. दोन वर्षं झाली. दिवस बुडाला की ह्यांना काही दिसत न्हाई, हात धरून माजघरातनं ढेलजेत न्यावं लागतं. चारचौघांत कळू नये म्हणून सांजेच्या आत घरी येतात, लोकांना वाटतं पाटलांना बायकोची ओढ लई. भादव्यात हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणला, वर्ष, फार तर दोन वर्षं, मग दिवसाचंही जाईल. तिथून परतताना रेल्वेत हे एवढंच म्हणले की आपण समुद्र बघितला न्हाई. म्हणून हा सगळा घाट. देव निमित्त हाय.

तुला कावून सांगितलं न्हाई म्हणशील. तू हळहळली असतीस. अन् तुझी ती हळहळ मला नको होती, खरं सांगते.

आता काळ्या बोटीत हे पुढं अन् मी मागं. तरटाच्या पलीकडं बायकांनी जायचं न्हाई. बोटीला कठडा हाय का, केवढा हाय, कुणाला माहीत न्हाई. दिवसा ठीक. पण सांज झाली की ह्यांचा हात कुणी धरायचा? उठून पाणी प्यायला निघाले तर? हे म्हणतात, देवीनं सांगितलंय तर तीच धरील. मीही तसंच म्हणते, पण मला अन्न गोड लागंना. तू देवीजवळ हायेस. तिला रोज आठवण दे, की इथनं एक आंधळा माणूस तुझ्या शब्दावर समुद्रात निघालाय.

धाकट्या बहिणीला अंतर देऊ नको.

तुझी
तुळजा

॥ श्री ॥
नांदूरघाट, पौष शुद्ध ८, संक्रांत
मुक्काम मुंबई, सुग्रीवभाऊंच्या पत्त्यावर

तुळजे, काळ्या बोटीत बसू नको.

आशीर्वाद मागून लिहिते, आधी हे वाच. देवीनं लालला उजवं दिलतं. लाल म्हणायला माझं तोंड उघडलं, वाक्य पुरं व्हायच्या आत फूल टपकन उजव्या अंगाला पडलं. काळीचं विचारलं तर लई वेळ काही पडंना. मग डावं पडलं. देवी स्वच्छ बोलली. खोटं मी लिहिलं.

कावून लिहिलं ते ऐक. मला तुझ्या खोलीची कडी सोसवली न्हाई. तुझं पहिलं पत्र आलं तवापासनं भाकरी थापताना, दूध काढताना, ती कडी माझ्या डोळ्यांपुढनं हलंना. माझ्या जागेवर तू गेलीस, तो वाडा तुला मिळाला, ते लुगडं तुला, आता समुद्रसुद्धा तुला, अन् वर कडी लावून. मी बोळ ओलांडला त्याला आता वीस वर्षं झाली. केज सोडून मी दुसरं गाव बघितलं न्हाई. तुझं वाईट व्हावं असं मी म्हणले न्हाई, देवीची आण. एवढंच म्हणले की त्यांनी एका टोकाला बसावं अन् तू दुसऱ्या टोकाला. जोडीनं बसू नये. माझा मत्सर एवढाच होता, पण तेवढ्यासाठी मी देवीच्या तोंडात माझा शब्द घातला.

तुझं डोळ्यांचं पत्र आलं तवा मी तीळ भाजत होते. सगळे जळून गेले. पाव्हण्यांना सांजेला दिसत न्हाई, अन् मी त्यांना एकटं उघड्यावर नेऊन बसवलं. त्यांचा पाय घसरला तर तो मी ढकलला म्हणायचं. तू मला सांगितलं असतंस तर! असं म्हणते अन् पुन्हा वाटतं, सांगितलं असतंस तरी मी काय केलं असतं कुणास ठाऊक. मला आता माझी खात्री उरली न्हाई.

आज बायका वाण घेऊन आल्या. गोड बोला म्हणून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तो मला तोंडात घालता आला न्हाई. देवळात जाऊन नाक घासलं. आश्रुबानं विचारलं काय झालं, तर पळून आले. मग ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. ह्यांनी ऐकून घेतलं अन् म्हणले, आधी लिही, रडायचं मागनं बघ. गावच्या टपालानं हे पत्र वेळंवर जायचं न्हाई, म्हणून स्वतः घोडं काढलंय. बार्शीला जाऊन रेल्वेच्या टपालात टाकतो म्हणतात. घोड्यावर ह्यांचं काय होईल देवाला ठाऊक, बाहेर उभे हायेत, मी लिहिते तोवर घोड्याला पाणी पाजतात.

तुळजे, तिकिटं बदल. बदलून देत न्हाईत म्हणले तर काळीत बसू नको, माघारी ये. मला पाव्हण्यांपुढं उघडी पाड, बायनाबाईंना सांग, भावकीत सांग, मी तोंड लपवणार न्हाई. फक्त त्यांचा हात सोडू नको.

आशीर्वाद द्यायचं तोंड मला न्हाई. तरी देते.

अक्का

॥ श्री ॥
मुक्काम द्वारका, पौष वद्य ११

सौ. मंजुळाअक्का हिला तुळजा हिचा नमस्कार. वि. वि.

आमी दोघं सुखरूप पोचलो. लाल बोटीनं पोचलो.

तुझं पत्र बोट सुटायच्या आदल्या दिवशी मिळालं. सुग्रीवभाऊजींच्या चाळीत नळावर भांडी घासत होते, तिथंच ओल्या हातानं फोडलं. वाचून झाल्यावर माझ्या हातातला तांब्या मी भिंतीवर फेकला, त्याला पोचा पडला. शेजारणी बघायला लागल्या. अक्का, तू समोर असतीस तर मी तुझ्या झिंज्या धरल्या असत्या, थोरली-बिरली बघितलं नसतं. देवीच्या नावानं! माझ्या आंधळ्या माणसाशी! दोन दिवस मी मनात तुला असे शब्द बोलले की ते कागदावर लिहिता येत न्हाईत.

ह्यांना मी खरं सांगितलं न्हाई. अक्कानं परत कौल लावला, आता देवी लाल म्हणते, एवढंच म्हणले. हे लेकरासारखे हसले अन् पागोट्यातनं इश्तेहार काढला. सुग्रीवभाऊजींनी धावपळ करून तिकिटं बदलून आणली. तुझी लाज मी झाकली. का झाकली ते पुढं लिहिते.

समुद्र बघितला. मला वाटलं होतं निळा असंल. हे म्हणले, नीट बघ, काठाला मातकट, मग हिरवा, अन् लांब गेला की काळपट. अख्खा दिवस गोल काचेला नाक लावून बसले. जेवायलासुद्धा उठंनात. पक्षी दिसला की मला हाक मारायचे. दिवस बुडाला तसं काचेपासनं हळूच मागं सरकले, अन् हात पुढं केला. मी धरला. कडी लावलेली होती. तुला जे डोळ्यांपुढं दिसत होतं तसं काही नव्हतं. आमी नुसते बसलो होतो अन् पाण्याचा आवाज ऐकत होतो. तरी सांगते, माझ्या सगळ्या जन्मात तेवढं सुख मला कधी झालं न्हाई. हे तुला जळवायला लिहीत न्हाई. थोडं जळवायलाही लिहिते.

मग ह्यांनी चाचपत विचारलं, तिसऱ्या फळीवर कोण हाय? मी म्हणले, आपली बोचकी. हे म्हणले, मंजुळाबाई आल्या असत्या तर जागा होती की.

ते ऐकल्यापासनं मला चैन न्हाई, म्हणून आता माझं ऐक. दिवाळीतच हे म्हणलते की अक्काला बरोबर नेऊ, त्यांनी काही बघितलं न्हाई. सासूबाईही म्हणल्या, थोरली बरोबर असली तर बरंच. मी म्हणले, देवाला विचारते. आमच्या दिंद्रुडच्या देवीला मी कौल लावला, अक्काला न्यावं का म्हणून. उजवं पडलं. लगेच पडलं. मी बाहेर आले अन् डावं म्हणले.

तुझ्या पत्रातला तिसऱ्या फळीचा सवाल मला कळला नव्हता असं समजू नको. चांगला कळलता.

कावून केलं? तू म्हणतेस, ते तुला बघायला आलते. मी हे वीस वर्षं रोज ऐकते, अक्का, तुझ्या तोंडून न्हाई, ह्यांच्या तोंडून. मंजुळाबाईंचं अक्षर, मंजुळाबाईंचं डोकं, मंजुळाबाई असत्या तर असं म्हणल्या असत्या. पोह्यात मीठ जास्त होतं असं हे कधी म्हणले न्हाईत, ते मी लिहिलं. आता ह्यांचे डोळे चालले. जे शेवटचं बघतील तेच ह्यांच्याजवळ राहणार, जन्मभर. तिथं समुद्र असावा अन् माझं तोंड असावं. तुझं नसावं. एवढ्यासाठी मी देवीला फिरवलं. तुझ्यापेक्षा मी आधी फिरवलं.

माघी पुनवेचं स्नान करून आमी निघू. मुंबईला चार दिवस राहून माघ वद्य सप्तमीला मानवत रोडला उतरू. सकाळी एक गाडी येते अन् सांजेला एक. कोणती मिळंल ते मुंबईला ठरंल.

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायची मला लाज वाटते. तू ठरव.

तुळजा

॥ श्री ॥
नांदूरघाट, माघ शुद्ध ९
मुक्काम मुंबई, सुग्रीवभाऊंच्या पत्त्यावर

चि. सौ. तुळजेस अक्काचे आशीर्वाद. वि. वि. द्वारकेचं पत्र पावलं.

चार दिवस तुझं नाव घेतलं न्हाई. चोर ती चोर अन् वर शिरजोर! मी इथं नाक घासून घासून सालटं काढलं, पाच मंगळवार कडक धरले, अन् तू माझ्या आधीच हात मारून बसलीस! त्या बोटीत माझी जागा होती. देवीनं दिलती. पाव्हण्यांनी दिलती. मीच काय ती डाकीण म्हणून माझी मला किळस आलती, अन् तू पोह्यांच्या मिठाबद्दलसुद्धा खोटं बोललीस. ह्यांना वाचून दाखवलं तर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणले, दोघींना एकाच गुरवापुढं उभं करायला पाहिजे. हे बार्शीला जाऊन आले तवा दोन दिवस अंथरुणावर होते, पण तवापासनं आमचं बोलणं वाढलंय.

मग पाचव्या दिवशी तुझं पत्र परत काढलं. एकच ओळ वाचत बसले, शेवटचं तोंड कुणाचं राहावं ती. त्यावर मी लई रडले. माझ्यासाठी रडले का तुझ्यासाठी, ते मला सांगता येणार न्हाई. त्यांना मी आवडत होते हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. तू सांगितलंस. तुला ते सांगताना काय झालं असंल ते मला कळतं. तेवढ्यावर मी तुला माफ केलं असं समजू नको. तू मला केलंस का, तेही मी विचारत न्हाई.

पण कागदावर भांडून माझं पोट भरंना. म्हणून मी येते. आमच्या धोंडीराम गड्याला गाडी जुंपायला सांगितलीय, षष्ठीला मानवत रोडला पोचते. पहिल्यांदाच एवढं लांब निघालेय, शेजारणी बघायला आल्यात. तुझ्यासमोर उभी राहून तोंड भरून भांडीन, तू झिंज्या धर, मी बघते. मग तिथूनच माघारी फिरीन. दिंद्रुडला येणार न्हाई, आग्रह करू नको.

एक मात्र माझं ऐक. सकाळची गाडी घेऊ नको, सांजेची घे. दिवस बुडालेला असंल. मी खाली उभी असेन, पाव्हण्यांचा हात तूच धरून त्यांना सावकाश उतरव. मी बोलणार न्हाई तोवर कोण उभं हाय ते त्यांना कळायचं न्हाई. माझं तोंड त्यांना दिसणार न्हाई, तुळजे. तू निवांत ये.

तुझी
अक्का